लुसर्नच्या सरोवराचे दक्षिण टोक

प्रश्न : काही वर्षांपूर्वी सहल कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला गेलो, तेव्हा लुसर्नला जेमतेम दोन तास मिळाले, लाकडी पूल, सिंहाचे शिल्प आणि घड्याळांची दुकाने पाहून बस सुटली. आता आम्ही दोघेच चार दिवस तिथे राहणार आहोत. इतिहासाची आवड आहे, पण साठी उलटल्याने गुडघे साथ देत नाहीत. काय पाहावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुक्काम लुसर्नलाच ठेवावा, मात्र एक अख्खा दिवस बोटीसाठी राखावा. आपण पाहिलेला पूल चौदाव्या शतकातला असला, तरी १९९३ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि तो पुन्हा बांधला गेला. या सरोवराचा खरा इतिहास शहरात नसून दक्षिणेकडच्या फाट्यात, म्हणजे ऊरीच्या सरोवरात आहे, आणि सहलींच्या बस सहसा तिथवर जात नाहीत.

लुसर्नहून सरोवराच्या दक्षिण टोकावरच्या फ्ल्युएलेनपर्यंतचा जलप्रवास पावणेतीन तासांच्या आसपासचा आहे. उन्हाळ्यात या मार्गावर वाफेवर चालणाऱ्या, चाकांच्या जुन्या बोटी असतात. अशा पाच बोटींपैकी सर्वांत जुनी ‘ऊरी’ १९०१ ची असून तिचे यंत्र चालताना डेकवरून वाकून पाहता येते. ब्रुनेनपाशी बोट वळते आणि मघापर्यंत ऐसपैस पसरलेले पाणी एकाएकी उंच कड्यांच्या मधोमध येते.

तिथेच ऱ्यूटलीचे कुरण आहे. ऊरी, श्वित्स आणि उंटरवाल्डन या तीन प्रदेशांच्या प्रतिनिधींनी याच जागी एकजुटीची शपथ घेतली आणि त्यातून स्वित्झर्लंड उभे राहिले, असे परंपरा सांगते. या तिघांचा १२९१ चा करारनामा श्वित्सच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतो, पण त्यात ऱ्यूटलीचे नाव नाही. मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने टिपणाऱ्या, दंतकथेतल्या विल्हेल्म टेलच्या अस्तित्वाचाही समकालीन पुरावा नाही. तरीही १८५९ मध्ये या जागेवर हॉटेल होण्याची चिन्हे दिसताच शाळकरी मुलांनीही वर्गणी जमवली, कुरण विकत घेतले गेले आणि ते राष्ट्राची मालमत्ता झाले. १९४० च्या जुलैमध्ये, फ्रान्स पडल्यावर, स्विस सैन्याचे सरसेनापती जनरल गिझां यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोटीने इथेच आणून लढण्याचा निर्धार सांगितला. दंतकथेने इतके काम केलेले असताना तिचा पुरावा मागत बसणे मला तरी कोतेपणाचे वाटते. धक्क्यापासून कुरणापर्यंत थोडा चढ आहे. तो सावकाश चढावा.

पुढे टेलचे देऊळ बोटीतूनही दिसते. टेलवरचे नाटक लिहिणारा जर्मन नाटककार शिलर स्वित्झर्लंडला कधी आलाच नव्हता, हे तिथे आठवल्यावाचून राहत नाही. परतताना फ्ल्युएलेनहून रेल्वे घ्यावी.

दुसऱ्या दिवशी रिगीचा डोंगर. फिट्सनाऊहून दात्यांच्या रुळावरची गाडी १८७१ पासून धावते आहे आणि ती जवळजवळ शिखरापर्यंत नेते, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. स्विस ट्रॅव्हल पासवर सरोवरातल्या बोटी आणि रिगीची गाडी दोन्ही चालतात. पिलाटुस या दुसऱ्या डोंगराला मात्र त्यावर सवलतच मिळते. जून किंवा सप्टेंबर उत्तम. दक्षिणेकडून ‘फ्योन’ नावाचा वारा सुटला, तर ऊरीचे सरोवर खवळते, म्हणून बोटीचा दिवस पहिल्याच मोकळ्या हवेला उरकून घ्यावा.