धीर किती सामने धरायचा?

फुटबॉल क्लबचा नवा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आणि हरत राहणारा संघ या विषयावर वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: माझ्या आवडत्या क्लबने हंगाम अर्धा झाल्यावर नवा मॅनेजर आणला. अकरा लीग सामन्यांत दोन विजय, तीन बरोबरी, सहा पराभव. मित्रांमध्ये दोन तट पडलेत. किती सामने थांबणं रास्त आहे?

उत्तर: अकरा हा आकडा मोठा वाटतो, पण या माणसाला प्रत्यक्ष सराव किती घेता आला ते आधी मोजा. तुमचा क्लब युरोपातल्या स्पर्धेतही खेळत असेल आणि सामने गुरुवार-रविवार पडत असतील, तर आठवडा असा जातो. शुक्रवारी थकलेल्या खेळाडूंना मसाज आणि हलकं सायकलिंग. शनिवारी सामन्याच्या आदल्या दिवसाचा तासाभराचा सौम्य सराव. रविवारी सामना, सोमवारी पुन्हा विश्रांती. मंगळवारी काय तो पूर्ण जोराचा सराव होतो आणि बुधवारी परत हलकं काम. म्हणजे आठवड्याला खरा सराव एक. बचावफळीने किती पुढे उभं राहायचं, चेंडू गेल्यावर कोणी झेपावायचं, गोलरक्षकापासून चेंडू पुढे कसा न्यायचा, कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं, हे सगळं त्या एका दिवसात बसवायचं असतं. अकरा लीग सामन्यांच्या काळात असे दहा-बारा सराव होतात. फक्त शनिवारी खेळणाऱ्या क्लबला तेवढेच सराव महिन्याभरात मिळतात.

म्हणून आमचं माप दोन प्रकारचं आहे. उन्हाळ्यात आलेल्या, हंगामापूर्वीची पाच-सहा आठवड्यांची तयारी मिळालेल्या मॅनेजरचा खेळ दहा-बारा लीग सामन्यांत ओळखू यायला हवा. निकाल नसतील तरी चालेल, खेळ दिसला पाहिजे. हंगामाच्या मध्यात आलेल्याला, खालच्या विभागात घसरण्याचा धोका नसेल तर, पुढचा उन्हाळा आणि त्यानंतरचे पहिले दहा सामने द्यावेत. धोका असेल तर गणित बदलतं. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात.

प्रश्न: 'खेळ चांगला होतोय, नशीब वाईट आहे' असं मॅनेजर दर पत्रकार परिषदेत सांगतो. ते खरं की सबब, हे घरबसल्या कसं तपासायचं?

उत्तर: 'एक्सजी' म्हणजे अपेक्षित गोलांचा आकडा वापरा, पण नीट वापरा. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला यावरून त्याला ० ते १ मधला आकडा मिळतो. पेनल्टीचा आकडा पाऊण गोलाच्या जरा वर असतो, गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, म्हणजे बॉक्सच्या, बाहेरून मारलेल्या बहुतेक फटक्यांचा ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी.

कागदावर शेवटचे दहा लीग सामने लिहा. चार रकाने करा: केलेले गोल, आपला एक्सजी, खाल्लेले गोल, प्रतिस्पर्ध्याचा एक्सजी. दोन्ही बाजूंच्या पेनल्टी वजा करा. ज्या सामन्यात कोणाला लाल कार्ड मिळालं तो बाजूला ठेवा. मग बेरीज. समजा संघाने ८ गोल केले आणि एक्सजी १३ आला, १७ खाल्ले आणि प्रतिस्पर्ध्यांचा एक्सजी १३ आला, तर मॅनेजरच्या बोलण्यात तथ्य आहे. दोन्ही बाजूंच्या संधी बरोबरीच्या आहेत, निकाल मागे राहिलेत, आणि असा फरक सहसा वर्षभर टिकत नाही. तेच ८ गोल ८.५ एक्सजीवर आणि १७ गोल १८ एक्सजीवर असतील, तर नशिबाचं नाव घेऊ नये.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली म्हणजे पिछाडीवरचा खेळ. दोन गोलांची आघाडी मिळाल्यावर समोरचा संघ मागे सरकतो, तुमचा संघ पंधरा फटके मारतो, शेवटी एक्सजी १.८ दिसतो आणि सामना मात्र अर्ध्या तासातच गेलेला असतो. म्हणून मिनिटागणिक चढणारा आलेख पाहा आणि पहिला गोल होईपर्यंतचा भाग वेगळा काढा. बरोबरीत असतानाच तुमचा संघ मागे पडत असेल तर ती खरी कमजोरी. दुसरी चूक गोलरक्षकाबाबत. फटका मारण्याआधीची संधी किती चांगली होती एवढंच एक्सजी सांगतो, चेंडू गोलच्या कोणत्या कोपऱ्यात गेला ते नाही. खाल्लेले गोल सतत एक्सजीहून जास्त असतील, तर ते नशीब नसून गोलरक्षक असण्याची शक्यता बरीच. आणि एका सामन्याच्या एक्सजीवरून भांडू नका, त्याला काही अर्थ नाही.

प्रश्न: धीराचा विषय निघाला की प्रत्येक जण अलेक्स फर्ग्युसन यांचं उदाहरण देतो. ते कितपत लागू पडतं?

उत्तर: माणसं सांगतात त्यापेक्षा कमी. फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ रोजी मँचेस्टर युनायटेडमध्ये आले तेव्हा संघ २२ संघांच्या लीगमध्ये एकविसावा होता. त्यानंतर हंगामाअखेरचे क्रमांक ११, २, ११, १३ असे होते. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ ने धुतलं. १९९० चा एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) मिळाला आणि लीगचं पहिलं विजेतेपद थेट १९९३ मध्ये. इथवरचं सगळ्यांना पाठ असतं. त्या वर्षांत त्यांनी क्लबची तरुण खेळाडू शोधण्याची यंत्रणा नव्याने उभी केली आणि खेळाडूंच्या मद्यपानाला लगाम घातला, हे फारसं कोणी सांगत नाही. तालिकेत तेराव्या क्रमांकावर असतानाही दाखवण्यासारखं काम त्यांच्या हातात होतं.

शिवाय ज्यांना वेळ दिला आणि तरी काही घडलं नाही, अशा मॅनेजरांची नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे हे एक उदाहरण घेऊन सगळ्यांना मापणं चूकच. जवळची उदाहरणं जास्त शिकवतात. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलला आले. ऑगस्ट २०२० मध्ये एफए कप जिंकला, पण लीगमध्ये सलग दोनदा आठवा क्रमांक. २०२१-२२ चे पहिले तीन सामने हरले, एकही गोल न करता नऊ खाल्ले आणि संघ तळाला गेला. तेव्हा 'हाकला' म्हणणाऱ्यांकडे तालिका होती. मात्र त्याच उन्हाळ्यात क्लबने घेतलेले सहाही खेळाडू २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, म्हणजे योजना डोळ्यांसमोर होती. तो हंगाम पाचव्या क्रमांकावर संपला आणि पुढचा दुसऱ्या.

प्रश्न: आमच्या मॅनेजरने आल्या आल्या तीन सेंटर बॅकची, म्हणजे गोलसमोर मधोमध तीन बचावपटूंची रचना लादली. एकाच प्रकारचे गोल पुन्हा पुन्हा बसतात आणि तो म्हणतो, 'मी बदलणार नाही.' हा ठामपणा की हट्ट?

उत्तर: गोल कुठून बसतात ते पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. शेवटचे सात-आठ गोल पुन्हा पाहा. गोल झाला ते क्षण सोडा, त्याआधीचे दहा-बारा सेकंद बघा.

तीन सेंटर बॅक, कडेने वर-खाली धावणारे दोन विंगबॅक आणि मैदानाच्या मध्ये दोघे या रचनेत घोटाळा ठरलेल्या तीन जागी होतो. विंगबॅक वर गेलेला असताना चेंडू गेला की त्याच्या मागची मोकळी पट्टी, आणि तिथे धावायला बाजूचा सेंटर बॅक बाहेर ओढला गेला की बॉक्समध्ये पडणारी फट. मधल्या दोघांसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन मिडफिल्डर आले की एक जण कायम मोकळा. आणि गोलरक्षकापासून लहान पासने चेंडू काढताना पायांत कसब नसलेल्या सेंटर बॅकवर येणारा दबाव. पहिल्या दोन चुका सरावाने कमी होतात: विंगबॅक एका वेळी एकच वर पाठवायचा, पुढच्या तिघांपैकी एकाने मागे येऊन मधली संख्या भरायची. असे छोटे बदल दिसत असतील तर माणूस शिकतोय, तोंडाने काहीही म्हणो. पत्रकार परिषदेतला ठामपणा बऱ्याचदा खेळाडूंना ऐकवण्यासाठी असतो. तिसरी चूक खेळाडू बदलल्याशिवाय जात नाही. तिथे मॅनेजरने पुढची खरेदी होईपर्यंत लांब चेंडू मारायला सांगायला हवं. नाही सांगितलं तर तो हट्ट, असं आमचं स्पष्ट मत आहे.

थॉमस फ्रँक ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रेंटफर्डचे मॅनेजर झाले आणि पहिल्या दहापैकी आठ सामने हरले. क्लबने हाकललं नाही. पण त्यांनीही जे चाललं होतं तेच रेटलं नाही, बचावात तिसरा सेंटर बॅक घातला आणि गळती थांबली. संघ त्या हंगामात अकरावा आला आणि २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात, पोहोचला. उलट बाजू मँचेस्टर युनायटेडची. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले आणि तीन सेंटर बॅकची रचना त्यांनी सोडली नाही. हंगाम ४२ गुणांवर, पंधराव्या क्रमांकावर संपला.

आणखी एक खूण कोणालाही मैदानात दिसते. चेंडू गमावल्यावरचे पहिले पाच सेकंद पाहा. जवळचे दोघे-तिघे लगेच झेपावतात की हात पसरून एकमेकांकडे बघतात? सत्तराव्या मिनिटाला, दोन गोलांनी मागे असतानाही ते झेपावत असतील तर ड्रेसिंग रूम अजून मॅनेजरच्या मागे आहे. ते थांबलं की मात्र परत सुरू होणं अवघड.

प्रश्न: मॅनेजर बदलला की संघ लगेच जिंकू लागतो, हे आपण नेहमी पाहतो. मग थांबायचं कशाला?

उत्तर: हकालपट्टी सहसा सर्वात वाईट टप्प्यानंतर होते आणि त्या टप्प्यानंतर संघ तसाही थोडा सावरतो. बास टेर वील या अर्थतज्ज्ञांनी १९८६ ते २००४ मधली डच लीगची आकडेवारी तपासली. तितकीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर ठेवला त्या क्लबांशी हाकलणाऱ्यांची तुलना केली, तर बदलाचा वेगळा फायदा दिसला नाही. पुढच्या पाच सामन्यांत समोर कोण आहे तेही बघा. तळाच्या तीन संघांशी सामने आले तर कोणीही जादूगार ठरतो.

अपवाद आहेत. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये थॉमस टुखेल यांना आणलं आणि मे महिन्यात युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली. पण तिथे खेळाडू आधीच दर्जेदार होते, बचावाची घडी तेवढी बसवायची होती. क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये फ्रँक द बूर यांना चार लीग सामन्यांनंतर काढलं, चारही पराभव, गोल शून्य. त्यांच्या जागी आलेले रॉय हॉजसनही पुढचे तीन सामने गोल न करता हरले. तरीही हंगामाअखेर संघ अकरावा आला. त्यामुळे तो निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. लवकर झाला म्हणूनच सावरायला ३४ सामने उरले.

प्रश्न: संघ खालून तिसरा आहे. अशा वेळी धीर धरणं परवडतं का? आणि स्टेडियममध्ये हुर्यो उडवणं योग्य की अयोग्य?

उत्तर: प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने आणि तळाचे तीन संघ खाली जातात. 'चाळीस गुण हवेत' हा जुना हिशेब आता ढोबळ झालाय. अठराव्या क्रमांकावर खाली गेलेल्या संघाचे गुण २०२२-२३ मध्ये ३४ होते, २०२३-२४ मध्ये २६ आणि २०२४-२५ मध्ये २५. तेव्हा आकड्यापेक्षा सतराव्या संघाशी असलेलं अंतर पाहा. उरलेल्या सामन्यांच्या निम्म्याहून जास्त गुणांचं अंतर पडत असेल, म्हणजे दहा सामने उरलेत आणि सहा गुण मागे, तर वाट पाहण्यात फार काही उरत नाही.

पण बदलायचं तर वेळेवर. नोव्हेंबरमधली आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी सोयीची, कारण नव्या माणसाला मागे राहिलेल्या खेळाडूंबरोबर काही दिवस मिळतात आणि जानेवारीच्या खरेदीआधी संघ पाहून होतो. लीड्सने २०२२-२३ मध्ये शेवटचे चार सामने उरले असताना सॅम अॅलरडाइस यांना आणलं. चार सामन्यांत एक गुण मिळाला आणि संघ खाली गेला. त्याच हंगामात साउदॅम्प्टनने नोव्हेंबरमध्ये वेळेवर बदल केला, पण माणूस चुकला. नेथन जोन्स आठपैकी सात लीग सामने हरले, फेब्रुवारीत त्यांनाही काढलं आणि संघ तळाला राहिला. म्हणून 'हाकला' म्हणणाऱ्याला आम्ही एवढंच विचारतो की बदली कोण, आणि तो आज मोकळा आहे का.

हुर्योचं म्हणाल तर सामना संपल्यावर खुशाल उडवा, तिकिटाचे पैसे तुमचे आहेत. खेळ चालू असताना मात्र त्याचा परिणाम मॅनेजरवर न होता चेंडू पायाशी असलेल्या एकोणीस वर्षांच्या फुलबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, होतो. तो पुढचा पास मागे देतो, गर्दी आणखी ओरडते, आणि तुम्हाला हवा असलेला धाडसी पास त्या दिवशी कोणीच करत नाही.