लग्नाआधी शरीरसंबंध नकोत, हे ख्रिस्ती धर्मात सगळेच मानतात का?

शिकवण म्हणून बहुतेक पंथ मानतात. आचरण ज्याचं त्याला ठाऊक. आधार मुख्यतः बायबलातल्या एका पत्राचा: येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला (करिंथकरांना) लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ६ आणि ७. खरी मेख आहे ‘पोर्निया’ या ग्रीक शब्दात. मराठी बायबलात त्याचं ‘जारकर्म’ होतं, आणि आपल्याला जार म्हटलं की विवाहबाह्य भानगडच आठवते. मूळ शब्द मात्र त्याहून व्यापक, कुठल्याही अनैतिक शरीरसंबंधाला लागू होणारा; म्हणून चर्च लग्नाआधीचे संबंधही त्यात धरतात. मग साखरपुडा झालेल्यांचं काय? कॅथलिक चर्चचं उत्तर सरळ आहे: त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २३५०) वाग्दत्त जोडप्यांनाही लग्नापर्यंत संयम सांगितलाय. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने तर १९९३ मध्ये ‘ट्रू लव्ह वेट्स’ मोहीम काढून पोरांकडून शपथेच्या कार्डावर सह्याच घेतल्या. मला ते जरा अतीच वाटतं. आणि हो, लग्नानंतर मात्र पौल उलट बजावतो, नवरा-बायकोने एकमेकांना नाकारू नये.