‘आज किती केसेस?’

“वकिलीची सनद घेऊन दीड वर्ष झालं, मॅडम. हातात काम नाही. माझ्यातच काही कमी आहे का?” साताऱ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे ज्युनिअर वकील हा प्रश्न हमखास विचारतात. त्यातल्या एकाबद्दल, ओळख पुसून, सांगते. कोरेगाव तालुक्यातला, वय सव्वीस, घरातला पहिलाच पदवीधर. गावात सगळे त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणायचे आणि नेमकं तेच त्याला टोचायचं.

सकाळची एसटी. कोर्टात सिनिअरच्या मागे उभं राहायचं, मुदतीचे अर्ज द्यायचे, कागदपत्रांच्या नकलांसाठी खेपा मारायच्या आणि उरलेला वेळ बार रूममध्ये मोबाइल. सिनिअर कधी दोन हजार देत, कधी नुसता चहा. ज्युनिअरला शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचं ऑक्टोबर २०२४चं परिपत्रक आहे, पण ती शिफारस, सक्ती नाही. त्यात ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि वर्गमित्रांचे तिथले फोटो स्टेटसवर झळकू लागले.

झोप, भूक विचारली. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. “तसं नाही. पण खुंटीवरचा कोट दिसला की पोटात गोळा येतो.”

पहिल्या भेटीत मी चुकलेच. “थोडी जाहिरात करा की,” म्हणून बसले. तो पहिल्यांदा हसला. “मॅडम, वकिलाला जाहिरातीला बंदी आहे. सनदेवर येईल माझ्या.”

मग त्याला आठवडाभर तासागणिक टिपण ठेवायला सांगितलं: कुठे होतो, काय केलं, मनावर ओझं दहापैकी किती. मला वाटलं, बार रूमचे रिकामे तास सगळ्यांत जड निघतील. तिथे चार-पाचच होते. नऊचा आकडा होता संध्याकाळी, परतीच्या एसटीत. त्या वेळात तो उत्तरं रचायचा. पारावर आणि घरात एकच प्रश्न, “आज किती केसेस?” तो दोन-तीन सांगून टाकायचा. दीड वर्षात नसलेले इतके पक्षकार जमवले होते, की कुणाचा काय निकाल सांगितलाय हे लक्षात ठेवावं लागे. खऱ्या कामापेक्षा हे काम जास्त होतं!

त्याला केसेस मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. ‘आपण मागे पडलो’ हे त्याचं गणित मात्र तपासता आलं. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर यायला किमान तीन वर्षांची वकिली लागते. मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेलाही तीन वर्षं. हे त्यानंच सांगितलं, तक्रार म्हणून. “म्हणजे तुमच्याच क्षेत्राच्या हिशेबानं तुमची सुरुवात अजून संपलेली नाही,” मी म्हटलं. पटलं असं नाही. पण वहीत लिहून घेतलं.

दोन गोष्टी ठरल्या. रोज एका कोर्टात बसून एखादी उलटतपासणी पूर्ण ऐकायची, कोणत्या प्रश्नाला साक्षीदार अडकला ते लिहायचं. आणि घरात एका माणसाला खरं सांगायचं. आईपासून सुरुवात करा, असं मी सुचवलं. त्यानं वडलांना निवडलं. धीर गोळा करायला तीन आठवडे गेले.

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग पासाचं पैसं कुठनं आणतोस?” बहिणीकडून, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पासाचे पैसे कोटाच्या खिशात होते. त्यावर चर्चा नाही.

काम अजून बेताचंच आहे. चेक न वटल्याच्या दोन केसेस, बाकी सिनिअरच्या तारखा. पण तात्या आता विचारतात, “आज कुणाला घोळात घेतलं वकिलानं?” आणि तो साक्षीदार कसा अडखळला ते नकलेसकट करून दाखवतो. आई मालिकेचा आवाज बारीक करते म्हणे.