अंगणात काँक्रीट घालताना : वाचकांचे प्रश्न

तीस फूट लांब, तीन फूट रुंद पायवाट करायची आहे. दोन मेस्तांनी चौरस फुटाचे दर सांगितले, पण त्यांत फार फरक आहे. काम कोणाला द्यावे? (फोंडा)

जाडी ठरल्याशिवाय चौरस फुटाच्या दराला अर्थ नाही. दोघांकडूनही लिहून घ्या : काँक्रीट ४ इंच, खाली धुम्मस मारून बसवलेली ४ इंच खडी, मिश्रण १:१.५:३ (सिमेंट, वाळू, २० मिमी खडी), सांधे (भेग ठरल्या जागीच जावी म्हणून पाडलेल्या खाचा) किती अंतरावर, आणि नंतर पाणी कोण मारणार. तुमच्या मापाच्या काँक्रीटला (खालची खडी वेगळी) साधारण ७ पोती सिमेंट, १३ घनफूट वाळू आणि २६ घनफूट खडी लागते. कोणी ४ पोत्यांत भागवतो म्हणाला, तर एकतर जाडी कमी होणार किंवा सिमेंट.

माल ओतण्याआधी फर्म्याच्या (काँक्रीट अडवणाऱ्या फळ्यांच्या) दोन्ही कडांवर आडवी दोरी ताणा आणि मधोमध टेप लावा. कडेला ४ इंच भरतात, पण मधे माती तशीच उंच सोडलेली असते. वाळू खाडीची असेल तर परत पाठवा. तिच्यातल्या मिठाने पृष्ठभागावर पांढरे डाग येतात, आणि सळई घातली असेल तर ती गंजते.

गेल्या वर्षी घातलेल्या अंगणाला आडव्या भेगा गेल्या आणि वरून भुकटी निघते. का? (पेडणे)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. काँक्रीट वाळताना आकसते. सांधा दिला नाही तर ते स्वतःच कुठेतरी फुटते. ४ इंच जाडीला दर ८ ते १० फुटांवर, किमान १ इंच खोल सांधा हवा. भिंत आणि तुळशी वृंदावनाच्या कडेने अर्धा इंच थर्माकोलची पट्टी घालून काँक्रीट सुटे ठेवावे.

भुकटीचे कारण बहुधा पाणी. पोत्यामागे २५ लिटर पुरते, ओल्या वाळूला त्याहूनही कमी. माल सहज पसरावा म्हणून पाइपने पाणी सोडतात, ते वर तरंगते, ते टिपायला कोरडे सिमेंट भुरभुरवून थापी फिरवतात. तो पापुद्रा उन्हाळ्यात सुटतो. वर आलेले पाणी आटेपर्यंत थापी लावू देऊ नका. नंतर निदान १० दिवस ओले गोणपाट ठेवा. दिवसातून दोनदा पाणी शिंपडून मेच्या उन्हात भागत नाही.

पावसात पायवाटेवर शेवाळ धरते, घरची वयस्कर माणसे घसरतात. (डिचोली)

घोटून गुळगुळीत करू नका. ओल्यावरच चालण्याच्या आडव्या दिशेने खराट्याच्या रेघा ओढायला सांगा. फुटाला पाव इंच उतार घरापासून बाहेर द्या. पाणी साचले नाही तर शेवाळही कमी धरते. काँक्रीटची वरची पातळी जोत्याच्या ६ इंच खाली ठेवा, नाहीतर उडणारे पाणी चिऱ्याची भिंत शोषून घेते.

चतुर्थीच्या आधी उरकून घेऊ का? (काणकोण)

नको. भिजलेल्या तांबड्या मातीवर धुम्मस नीट बसत नाही आणि एक सर ताज्या काँक्रीटमधले सिमेंट धुऊन नेते. आता फक्त खडी पसरा. पाहुण्यांचे पाय चिखलात जाणार नाहीत. नोव्हेंबरात ती सारखी करून, पुन्हा धुम्मस मारून वर काँक्रीट घालता येईल.