तेराही सामने जिंकून फ्लोरिडा स्टेट बाहेर का राहिले?

2023च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ एकही सामना हरला नव्हता, तरीही राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी निवडलेल्या चार संघांत तो का नव्हता, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते याचे कारण क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूच्या, दुखापतीइतकेच त्या वर्षीच्या जागांच्या गणितातही आहे, आणि बहुतेक चर्चांत हे दुसरे कारण मागे पडते.

हंगामाची सुरुवात लुइझियाना स्टेटवरील 45-24 अशा दणदणीत विजयाने झाली आणि क्लेमसनलाही त्यांनी जादा वेळेत 31-24 असे नमवले. नोव्हेंबरच्या मध्यात नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या तुलनेने सोप्या सामन्यात क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या पायाला गंभीर दुखापत झाली. त्याच्या जागी आलेल्या टेट रोडमेकरलाही पुढच्याच सामन्यात डोक्याला मार बसला, त्यामुळे लुइव्हिलविरुद्धच्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठ संघांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन या पहिल्या वर्षाच्या खेळाडूला उतरवावे लागले. तो सामना 16-6 असा जिंकून दिला तो प्रामुख्याने बचावफळीने. आक्रमण मात्र पाहवत नव्हते, हे मान्य करावे लागेल.

निवड समितीच्या नियमावलीत महत्त्वाच्या खेळाडूंच्या अनुपलब्धतेचा विचार करण्याची मुभा होती, म्हणून निर्णय नियमबाह्य म्हणता येत नाही. परंतु मिशिगन आणि वॉशिंग्टन हे दोन अपराजित संघ आत गेल्यावर उरलेल्या दोन जागांसाठी फ्लोरिडा स्टेट, टेक्सास आणि अलाबामा असे तीन दावेदार होते. अलाबामाने सलग 29 सामने जिंकलेल्या जॉर्जियाला नुकतेच 27-24 असे हरवले होते. पण सप्टेंबरमध्ये टेक्सासने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर 34-24 असे पराभूत केले होते, त्यामुळे अलाबामाला घेऊन टेक्सासला वगळणे समितीला कोणत्याही तर्काने शक्य नव्हते. म्हणजे अलाबामाला आत घ्यायचे ठरले की फ्लोरिडा स्टेटला जागाच उरत नव्हती. मातब्बर कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या प्ले-ऑफमधून (अजिंक्यपदाच्या बाद फेरीतून) वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे काय होईल या अंदाजाला प्रत्यक्ष निकालांपेक्षा अधिक वजन मिळाले, हे मला आजही पटत नाही.

ऑरेंज बाउल या प्ले-ऑफबाहेरच्या हंगामअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला 63-3 असे चिरडले, आणि समितीचे समर्थक तो निकाल पुरावा म्हणून पुढे करतात. हा युक्तिवाद कच्चा आहे, कारण अजिंक्यपदाची आशा मावळल्यावर फ्लोरिडा स्टेटच्या अनेक प्रमुख खेळाडूंनी व्यावसायिक संघांकडून होणाऱ्या खेळाडू-निवडीच्या तयारीसाठी किंवा अन्य विद्यापीठात जाण्यासाठी त्या सामन्यातून अंग काढून घेतले होते. त्या दिवशी मैदानात उतरलेला संघ हा तेरा सामने जिंकलेला संघ नव्हताच.

2024पासून प्ले-ऑफमध्ये 12 संघ खेळू लागले आणि सर्वाधिक मानांकन असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांचा प्रवेश निश्चित झाला. हा विस्तार आधीच, 2022मध्ये, ठरलेला होता. तो एक वर्ष अगोदर लागू झाला असता, तर समितीने पाचव्या क्रमांकावर ठेवलेल्या फ्लोरिडा स्टेटचा प्रवेश ट्रॅव्हिसच्या पायावर अवलंबून राहिला नसता.