त्रास देणाऱ्या शेजाऱ्याला वस्तीतून बाहेर काढण्याचा आदेश आपल्याकडे मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की शेजारचा एक माणूस दारू पिऊन सगळ्या वस्तीला छळतो, इंग्लंडमध्ये अशा माणसाला कोर्ट घराबाहेर काढतं असं तुमच्या वाचनात आलं, तर आपल्याकडे तशी काही सोय आहे का. सोय आहे. फक्त तिचा रस्ता कोर्टातून नाही, पोलीस ठाण्यातून जातो आणि तिचं नाव तडीपारी. मुंबई उपनगरातल्या आमच्या चाळीने हे सगळं भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडचं आधी थोडक्यात. तिथे २०१४च्या कायद्याखाली पोलीस, स्थानिक पालिका किंवा भाड्याची घरं चालवणारी गृहनिर्माण संस्था कोर्टाकडे मनाई हुकूम मागते. शेजाऱ्याने स्वतः उठून अर्ज करायचा, असं तिथेही नाही. आणि माणसाला त्याच्या राहत्या घरातूनच दूर ठेवायचं तर मारहाण, मारहाणीची धमकी किंवा इतरांना इजा होण्याचा मोठा धोका दाखवावा लागतो. रात्री मोठ्याने गाणी लावतो एवढ्यावर कुणाचं घर सुटत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे. त्याच्या कलम ५६ खाली शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्त आणि जिल्ह्यात प्रांत (म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी) तडीपारीचा आदेश काढतात. त्या माणसाच्या वागण्याने लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे किंवा भीती पसरली आहे, हे एक कारण. दुसरं, तो मारहाणीसारखे गुन्हे करतो किंवा करायच्या बेतात आहे, आणि भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत. आदेश जास्तीत जास्त २ वर्षांचा. त्याआधी त्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं, आणि आदेशाविरुद्ध तो ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करू शकतो.

आमच्या तळमजल्यावरचा मुलगा (मुलगाच म्हणते, लहानपणापासून बघितलेला) सकाळी नळावर बायकांना घाणेरड्या शिव्या द्यायचा, रात्री बाटल्या फोडायचा. एकदा जिन्यात कोयता घेऊन उभा राहिला. आम्ही सहा वेळा पोलीस ठाण्यात गेलो, सहाही वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून परत आलो. एनसीचा कागद घरी आणला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण त्यावर पुढे तपास होत नाही. सातव्या वेळी एका हवालदाराने आमचे सगळे कागद पुढे ओढले आणि विचारलं, "ताई, सगळीकडे लिहिलंय 'नेहमी शिवीगाळ करतो'. नेहमी म्हणजे कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांचा त्रास, आणि एक तारीख धड सांगता येईना.

त्याच संध्याकाळी शंभर पानी वही आणली. तारीख, वेळ, काय झालं, नेमके शब्द काय, समोर कोण होतं. शिव्या जशाच्या तशा लिहायला लाज वाटायची, तरी लिहिल्या. तीन महिन्यांत वही अर्धी भरली. आधी चॅप्टर केस झाली, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला (तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १०७ आणि ११० होती, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेची १२६ आणि १२९). बाँड असतानाच त्याने एकाचं डोकं फोडलं, तेव्हा कुठे ठाण्यातून तडीपारीचा प्रस्ताव वर गेला.

खरी परीक्षा होती गोपनीय जबाबांची. यात साक्षीदाराचं नाव समोरच्याला कळू देत नाहीत, आरोपांचं ढोबळ स्वरूप तेवढं सांगतात. तरीही जबाब देतो म्हणालेल्या चौघांपैकी आम्ही दोघीच गेलो. मी त्या दोघांना दोष देत नाही. एका जिन्यावर राहणाऱ्या माणसाला कुठला प्रसंग कुणी पाहिला होता हे बरोबर आठवतं.

तुम्हाला ही वाट कठीण वाटेल, पण ती कठीण असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. संविधानाने देशात कुठेही फिरण्याचा हक्क दिलाय आणि हा आदेश थेट त्यावरच घाव घालतो, तोही गुन्हा शाबीत न होता. अमरावतीत शैक्षणिक संस्थांमधल्या गैरव्यवहारांच्या तक्रारी करणाऱ्या एका पत्रकारालाच तडीपार केलं होतं. तो आदेश २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पुढच्या वर्षी जालन्याच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरायचा, जुन्या शिळ्या गुन्ह्यांवर आदेश उभा राहत नाही आणि पूर्ण २ वर्षं द्यायची तर त्याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. म्हणून तुमच्या वहीत ताज्या तारखा हव्यात. पाच वर्षांपूर्वीचं भांडण कितीही जिव्हारी लागलेलं असो, ते कामाचं नाही.

आमच्याकडे १ वर्षाचा आदेश निघाला, मुंबई शहर, उपनगर आणि ठाणे जिल्ह्यातून. पाचव्या महिन्यात तो गणपतीत चोरून घरी आला आणि पकडला गेला. आदेश मोडून परत येणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. तो गेल्यावर महिन्याभराने त्याची आई पहिल्यांदा आमच्या घरी येऊन बसली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. हातावरचे जुने वळ दाखवून म्हणाली, "तुम्हाला बाहेर त्रास होता गं, मी आत होते." आम्ही वहीत बाटल्या मोजल्या, पण तिला एकदाही विचारलं नाही. आणि माणसाला घराबाहेर काढणारा खराखुरा कोर्टाचा आदेश तिला मिळू शकत होता. घरगुती हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५चा कायदा फक्त बायकोसाठी नाही, मुलाचा मार खाणारी आईही त्याखाली अर्ज करू शकते. कलम १९ प्रमाणे दंडाधिकारी त्या पुरुषाला राहतं घर सोडायला सांगू शकतात, निकालाआधी अंतरिम आदेशही देऊ शकतात. अर्जाला संरक्षण अधिकारी मदत करतात, आणि कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांच्या आत धरलेली आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, पण तडीपारीइतके हेलपाटे नाहीत आणि ही वाट ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याच्या हातात असते.

सोसायटी असेल तर सभासदाला काढून टाकण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे, पण तिला सर्वसाधारण सभेचं मोठं बहुमत आणि निबंधकांची मंजुरी लागते. मारहाणीच्या प्रकरणात त्यावर वेळ घालवू नका.

तुम्ही आज दोन गोष्टी करा. वही सुरू करा. आणि तो घरी नसेल तेव्हा त्याच्या घरातल्या बाईला, बायको असो की आई, एकटीला गाठून विचारा की आत काय चाललंय. तिने लगेच सांगितलं नाही तर आठवड्याने पुन्हा जा. तुमच्या शहरात आयुक्तालय आहे की नाही आणि आतापर्यंत किती एनसी झाल्यात ते कळवलंत, तर अर्ज कुणाच्या नावे करायचा हे मी सांगू शकेन.