आभासी चकतीचा चालक की व्हर्च्युअल डिस्कचा ड्रायव्हर?

प्रश्न असा आहे: ओपनस्टॅकवर (स्वतःचा क्लाउड उभारण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) उभारलेल्या क्लाउडची मराठी मार्गदर्शिका लिहिताना एका प्रकरणाला 'आभासी चकती साठवण चालकाचे संरूपण' (म्हणजे व्हर्च्युअल डिस्कच्या स्टोरेज ड्रायव्हरचे कॉन्फिगरेशन) असे नाव दिले. रोज हेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांनाही ते कळले नाही. यातले कोणते शब्द ठेवावेत, कोणते बदलावेत, आणि ड्रायव्हरला 'चालक' म्हणणे बरोबर आहे का?

आधी 'चालक'चे पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. मराठीत चालक म्हणजे चालवणारा: वाहनचालक, संस्थाचालक. चालक थांबला की गाडी थांबते, हे त्या शब्दातच आले. ओपनस्टॅकमधला व्हॉल्यूम ड्रायव्हर हे काम करतच नाही. डिस्क पुरवणारी सेवा म्हणजे सिंडर. तिच्याकडे 'अमुक जीबीचा व्हॉल्यूम तयार करा', 'याचा स्नॅपशॉट घ्या', 'तो या मशीनला जोडा' अशा मागण्या येतात. व्हॉल्यूम म्हणजे ती पुरवते ती डिस्क, स्नॅपशॉट म्हणजे त्याची त्या क्षणाची प्रत, आणि मशीन म्हणजे क्लाउडवरचा व्हर्च्युअल संगणक. मागे प्रत्यक्ष स्टोरेज (त्यालाच बॅकएंड म्हणतात) कुठलेही असेल: लिनक्सचे एलव्हीएम, सेफ (Ceph), एनएफएस किंवा एखाद्या कंपनीचा स्टोरेज अ‍ॅरे. प्रत्येकाची बोली वेगळी. सिंडरची मागणी त्या त्या बोलीत सांगायची आणि उत्तर परत आणायचे, एवढेच ड्रायव्हरचे काम. त्याला उपमाच द्यायची तर दुभाष्याची द्यावी.

हे पडताळून पाहण्याजोगे आहे. व्हॉल्यूम जोडलेली मशीन चालू असताना सिंडरची व्हॉल्यूम सेवा बंद केली, तरी मशीनमधले वाचणे-लिहिणे सुरूच राहते. सेफ असेल तर मशीन चालवणारा होस्ट सेफशी थेट बोलतो. एलव्हीएम असेल तर डेटा आयस्कझी टार्गेटमार्फत (नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) जातो. ड्रायव्हर त्या वाटेवर उभाच नसतो. अडते ते नवीन व्हॉल्यूम तयार करणे, जोडणे, काढणे, स्नॅपशॉट घेणे. ज्याने मार्गदर्शिकेत 'साठवण चालक' वाचले, तो सेवा बंद पडली की सगळ्या मशीनच्या डिस्क गेल्या असे समजेल आणि घाईत नको ते करून बसेल. म्हणून मी 'चालक' ठामपणे नाकारतो. शब्द परका आहे म्हणून नव्हे, तो खोटे चित्र उभे करतो म्हणून. 'ड्रायव्हर' हा शब्द मराठीत पुरता रुळला आहे. तो पुल्लिंगी आहे, 'ड्रायव्हरचा, ड्रायव्हरला' असा सहज चालतो. तोच ठेवावा.

पण इथे एक गुंता आहे, आणि तो मार्गदर्शिकेत सोडवायलाच हवा. याच विषयात ड्रायव्हर दोन असतात. एक वर सांगितलेला, सिंडरच्या बाजूचा. दुसरा मशीनच्या आतला, तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क दिसावी म्हणून लागणारा, म्हणजे व्हर्टआयओचा (व्हर्च्युअल मशीनला डिस्क वगैरे पुरवण्याची ठरलेली पद्धत). केव्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची लिनक्समधली सोय) चालणाऱ्या लिनक्स मशीनमध्ये तो कर्नलसोबतच येतो; व्हर्टआयओ-ब्लॉक असेल तर डिस्कचे नाव व्हीडीए होते, व्हर्टआयओ-स्कझी असेल तर एसडीए. विंडोज बसवताना मात्र इन्स्टॉलर डिस्कची यादी रिकामी दाखवतो. डिस्क जोडलेली असते, पण विंडोजकडे तो ड्रायव्हर नसतो. व्हर्टआयओची आयएसओ (सीडीसारखी जोडता येणारी फाइल) जोडून ड्रायव्हर दाखवला की यादीत डिस्क उगवते. नवखा माणूस अशा वेळी सिंडरच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो, कारण त्याने वाचलेले असते फक्त 'ड्रायव्हर तपासा'.

मराठीची क्रियापदे हा गुंता छान सोडवतात. आतल्या ड्रायव्हरसाठी 'बसवणे' म्हणा: 'विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर बसवा.' सिंडरच्या ड्रायव्हरसाठी 'नेमणे': 'या बॅकएंडला सेफचा ड्रायव्हर नेमा.' सिंडरचे बहुतेक ड्रायव्हर त्याच्या पॅकेजमध्ये आधीच असतात. काहींना सोबत एखादी लायब्ररी लागते, पण ड्रायव्हर असा वेगळा बसवावा लागत नाही; कोणत्या बॅकएंडचे काम कोणी पाहायचे ते फक्त सांगायचे असते. त्याला 'नेमणे' चपखल बसते.

'संरूपण'ही याच कारणाने नको. ते नाम एवढे जड आहे की त्याखाली नेमके काय करायचे तेच दडते. प्रत्यक्षात काय करतात पाहा. सिंडरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'इनेबल्ड बॅकएंड्स' या ओळीत बॅकएंडची नावे लिहितात. प्रत्येक नावाचा वेगळा विभाग करून त्यात ड्रायव्हर नेमतात, स्टोरेजचा पत्ता आणि ओळख देतात (सेफ असेल तर पूलचे नाव, वापरकर्ता आणि त्याची की), बॅकएंडला नाव देतात आणि व्हॉल्यूम सेवा पुन्हा सुरू करतात. मग व्हॉल्यूम टाइप (व्हॉल्यूम मागताना निवडायचा प्रकार) तयार करून त्याला तेच बॅकएंडचे नाव जोडतात. नेमणे, देणे, जोडणे, सुरू करणे: सगळी साधी क्रियापदे. सगळ्याला मिळून एक शब्द हवाच असेल तर 'सेटिंग' आहे. कोणाला 'जुळणी' आवडत असेल तर तेही चालेल.

या नावांबद्दल एक बजावून सांगतो. सेटिंगची नावे आणि बॅकएंडची नावे यांचे भाषांतर करू नये; ती जशी असतील तशीच उतरवावीत. व्हॉल्यूम टाइपवर लिहिलेले नाव आणि फाइलमधले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी शेड्युलरला (व्हॉल्यूम कुठल्या बॅकएंडवर करायचा ते ठरवणारा भाग) योग्य बॅकएंड सापडत नाही आणि नवा व्हॉल्यूम 'एरर' अवस्थेत जाऊन बसतो. भाषेची हौस तिथे कामाची नाही.

'चकती'वर फार बोलायला नको. आयबीएमने 1956 साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या खरोखर फिरत होत्या. तिथे शब्द शोभला असता. क्लाउडमधल्या डिस्कला आकारच नाही. 'ती डिस्क' मराठी झाली आहे.

'आभासी' मात्र मला थांबून पाहावासा वाटतो, कारण तो वाईट शब्द नाही आणि रुळलेलाही आहे. शाळेच्या पुस्तकात सपाट आरशातली प्रतिमा आभासी असते, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. दिसते, पण तिथे नसते. व्हर्च्युअल डिस्कचे तसे नाही. तिच्यावर लिहिलेला डेटा खराच कुठेतरी लिहिला जातो. वेगळे आहे ते एवढेच, की मशीनला जी स्वतःची पूर्ण डिस्क वाटते तो एका मोठ्या साठ्यातला वाटा असतो. ही कल्पना क्लाउडच्या कितीतरी आधीची. आयबीएमच्या 1972 च्या व्हीएम/370 मध्ये प्रत्येक वापरकर्त्याला असा वाटा मिळे आणि त्याला 'मिनीडिस्क' म्हणत. नाव आकाराचे होते, खरेखोटेपणाचे नव्हते.

इथे 'आभासी'ने नुकसान होऊ शकते, कारण ओपनस्टॅकमध्ये खरोखरच न टिकणारी डिस्कही असते. मशीनसोबत जन्मणारी इफेमेरल डिस्क मशीन डिलीट केली की जाते. सिंडरचा व्हॉल्यूम मशीन गेल्यावरही राहतो, मशीनबरोबर तोही काढा असे मुद्दाम सांगितले नसेल तर. 'आभासी' वाचून कोणी सिंडरचा व्हॉल्यूमच तात्पुरता समजला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. माझे मत: 'आभासी' हे विशेषण इथे गाळावे, आणि 'तात्पुरती डिस्क' व 'टिकणारा व्हॉल्यूम' हा फरक पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावा.

प्रश्नात नव्हता, पण पुढच्या प्रकरणात येणारच असा एक शब्द: व्हॉल्यूमसाठी 'खंड'. ग्रंथाच्या खंडाशी मूळ अर्थ जुळतो हे मान्य. पण मराठीत सेवेत 'खंड पडतो'. 'स्टोरेजमध्ये नवा खंड आढळला' हे वाक्य रात्रीच्या पाळीवरच्या माणसाने वाचले तर तो सेवा बंद पडली असेच समजणार. जिथे बंद पडण्याची सूचना रोज लिहावी लागते, तिथे हा शब्द नकोच. 'तो व्हॉल्यूम' राहू द्या.

तेव्हा प्रकरणाचे नाव मी असे लिहीन: 'सिंडर: बॅकएंडला ड्रायव्हर कसा नेमायचा'. ड्रायव्हर कोणत्या बाजूचा आणि त्याचे काय करायचे, दोन्ही नावातच कळते.

आता उरली 'जोडणे' आणि 'माउंट करणे' (डिस्कवरच्या फाइल एखाद्या फोल्डरमधून वापरता येतील असे करणे) यांची गल्लत. अनेक मराठी लेखांत दोन्हींना 'जोडणे' म्हटलेले दिसते, आणि तिथे हमखास घोळ होतो. नवा व्हॉल्यूम मशीनला जोडला की सिंडरमध्ये त्याची अवस्था 'इन-यूज' होते. पण मशीनच्या आत डीएफ कमांड (माउंट केलेल्या फाइल सिस्टिम दाखवणारी) दिली तर तो दिसत नाही. एलएसबीएलके (जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी) दिली तर दिसतो, कोरा. त्यावर फाइल सिस्टिम तयार करून तो माउंट करायचा राहिलेला असतो. पूर्वी ऑपरेटर टेपचे रीळ यंत्रावर हाताने चढवत, त्यालाच माउंट म्हणत. 'चढवणे' आणि 'उतरवणे' ही जोडी इथे नेमकी बसते. मशीनला 'जोडणे', फोल्डरवर 'चढवणे'. परतताना क्रम उलटा: आधी मशीनच्या आत उतरवा, मग सिंडरमधून काढा. न उतरवता काढला तर मेमरीत थांबलेले, अजून डिस्कवर न पोहोचलेले लिखाण जाते. म्हणून मार्गदर्शिकेत या दोन पायऱ्यांना एकच क्रियापद कधीही वापरू नका.